सरकीच्या ढेपेचा सातपुडा

आमच्या घरात रेल्वेचा अपघात झाला तेव्हा आमच्या अमडापुरात रेल्वे नव्हती. आजही नाही. खामगावहून चिखलीला जाणारी मोटर तेवढी गावावरून जायची आणि मनात असेल तेव्हा थांबायची. तरीही अपघात झाला. त्यात एक पर्वत गेला, दोन शेतं गेली, एक स्टेशनमास्तर बेपत्ता झाला, आणि या सगळ्याला मी एकटा जबाबदार होतो. (बैलाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.)

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि माझं लग्नही. दोन्हीकडं अजून घडी बसायची होती. माझी बायको कुसुम नांदुऱ्याकडची. तिच्या वडिलांचा भाजीपाल्याचा मळा अगदी रुळाला लागून, त्यामुळे त्या घरात घड्याळ नव्हतं आणि कुणाचं काही अडतही नव्हतं. पहिल्या पॅसेंजरला उठायचं, मालगाडी गेली की चूल पेटवायची, नागपूरकडची मेल धडधडली की पानं घ्यायची. अशी पोरगी आमच्या घरात आली आणि पहिल्याच दिवशी हातात पिठाचा गोळा घेऊन उभी राहिली.

"मामी, किती वाजले असतीन?" तिनं माझ्या मायला विचारलं.

"भूक लागली का तुले?"

"नाई."

"मंग बारा नाई वाजले अजून," माय म्हणाली आणि विषय मिटला.

कुसुमचा मात्र मिटला नाही. ती भांडली नाही, रुसली नाही. विचारलं की एवढंच म्हणायची, "करमत नाई." मी तिला मारुतीचं देऊळ दाखवलं, बाजार दाखवला, आमची विहीर दोनदा दाखवली. तरी करमेना. पंचमीला ती माहेरी गेली आणि मागोमाग सासऱ्यांचं कार्ड आलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पोरीला घेऊन येतो, तिचं मन लागतंय असं दिसलं तर ठेवतो, नाही तर संध्याकाळच्या मोटरनं परत नेतो, मग दिवाळीनंतर पाहू.

ते कार्ड मी ओसरीवर वाचलं, गोठ्यात वाचलं, विहिरीवर वाचलं. एका जागी बसून वाचणं मला शक्यच नव्हतं. माझ्या पायाला तेव्हा भिंगरी होती आणि हातांना एक मिनिट चैन नसे. (माय म्हणायची, हा झोपेतसुद्धा पांघरुणाला गाठी मारतो.) दिवाळीनंतर! म्हणजे अडीच महिने!

त्याच आठवड्यात बाबांनी मला बैलांसाठी सरकीची ढेप आणायला खामगावला पाठवलं. तिथं एका दुकानाच्या फळीवर मला पत्र्याची आगगाडी दिसली. चावीची. हिरवं इंजिन, मागे तीन डबे आणि जोडून गोल करायचे पत्र्याचे रूळ. ती पाहताच मला सगळं एकदम सुचलं. आमच्याकडे महालक्ष्म्यांपुढं आरास मांडतात. मातीचा वाणी असतो, लाकडाची बैलजोडी असते. मग या वर्षी कुसुमचं स्टेशन का नको? तिनं घरात पाऊल टाकावं आणि समोर तिचं माहेर हुबेहूब उभं असावं! कशाला जाईल ती परत?

घरी आलो. बाबांनी गाडीतली पोती मोजली.

"तीन सांगतले होते. दोनच काऊन?"

"बाबा, रेल्वे आनली."

बाबा दोनदा रेल्वेनं शेगावला जाऊन आले होते, त्यामुळे रेल्वे या विषयातले ते घरातले जाणकार होते. त्यांनी इंजिन उलटं करून पाहिलं, चाकं फिरवली आणि म्हणाले, "हे खाते का बैल?"

मी इंजिन त्यांच्या हातातून काढून घेतलं. (उत्तर पुढं बैलानंच दिलं.)

गोठ्याचं एक जुनं दार काढून ठेवलेलं होतं. ते मी ओसरीवर दोन विटांच्या थप्प्यांवर आडवं टाकलं आणि त्यावर रूळ मांडले. चावी दिली. गाडी भिरभिर फिरली. पण नुसत्या लाकडावर फिरणारी ती गाडी पाहून कुणालाही माहेर आठवणार नव्हतं. फार तर घाण्याचा बैल आठवला असता. तिथं खरी जमीन हवी होती. मग वावरातून दोन टोपल्या काळी माती आणली. रुळांखाली खडी हवी म्हणून मायच्या डब्यातली तुरीच्या डाळीची चूर पसरली, कडेला खोक्याचं स्टेशन उभं केलं. माती पाहून मायनं जाहीर केलं की हा चिखल माजघरात देवीपुढं येणार नाही. आरास ओसरीवरच राहिली. मला तेव्हा ते फारसं लागलं नाही, पण बैलाच्या दृष्टीनं तो फार महत्त्वाचा निर्णय होता.

शेतं दाखवायची तर खरी, म्हणून मी रुळाच्या दोन्ही बाजूंना गहू पेरला. श्रावणातली हवा, काळी माती, वर दिवसातून चार वेळा माझं पाणी. असं पीक आमच्या वावरात कधी आलं नव्हतं. आठव्या दिवशी गहू वीतभर झाला आणि गाडी त्यात दिसेनाशी झाली. नुसता आवाज यायचा. मायची कात्री घेऊन मी कापणीला बसलो.

बाबा येताजाता उभे राहायचे.

"काय करून राह्यला बे?"

"गहू कापून राह्यलो."

"वावरात निंदन पडलं हाय अन् हा इथं गहू कापून राह्यला."

मग तलाव. तलावाला मायची परात मातीत पुरली, पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी त्यात एक बेडूक राहायला आला. तो बेडूक डब्यांपेक्षा मोठा होता, त्यामुळे पाहणाऱ्याला प्रमाणाचा अंदाज चुकायचा, पण मी त्याला राहू दिला.

"नांदुऱ्याच्या स्टेशनाले तलाव कुठं हाय?" बाबांनी विचारलं.

"शोभेले हाय."

"तू तं हुबेहूब म्हने."

त्या एका शब्दानं माझी झोप उडाली. हुबेहूब म्हटलं की डोंगर आलाच. कुसुमच्या मळ्यातून उत्तरेला सातपुडा दिसतो, हे मी लग्नात पाहिलं होतं. (लग्नात मी नवरी सोडून सगळीकडं पाहत होतो, लाजेमुळं.) मातीचा सातपुडा केला, तो वाळून तडकला आणि पॅसेंजरवर कोसळला. मग गोधडीचा केला. तो चांगला दिसत होता, पण मायनं तो उचलून बाबांच्या अंगावर घातला. हातांना चैन नाही, दिवस चाललेले, असा मी घरभर डोंगर शोधत फिरत असताना गोठ्यात ढेपेचं पोतं उघडं दिसलं. घाण्यातून निघालेल्या सरकीच्या ढेपेच्या त्या जाड, काळपट, कडा तुटलेल्या चकत्या! एकीवर एक रचल्या की कडे, कपारी, सुळके सगळं आयतं. मी अर्धं पोतं रचलं. खालून गाडी जाईल एवढी वाट ठेवली.

"तिथं बोगदा नाई हाय," बाबा म्हणाले. "अन् हे जनावराचं खानं हाय."

"दोन दिवसाचा प्रश्न हाय बाबा. आरास उठली की नवाबलेच देतो सगळं."

नवाब हा आमचा पांढरा बैल. मी शब्दाचा पक्का माणूस आहे. सगळं नवाबलाच दिलं. फक्त एक दिवस आधी.

जेवणाचा दिवस उजाडला. सकाळपासून पुरण शिजत होतं, माय परात मागत होती.

"तिच्यात तलाव हाय माय."

"तलाव तुळशीले ओत अन् परात घासून दे."

तलाव गेला. बेडूक आपण होऊन निघून गेला. मी ओसरी ते रस्ता आणि रस्ता ते ओसरी अशा इतक्या चकरा मारल्या की बाबा म्हणाले, "फिरूनच राह्यला तं नवाबले पानी दाखवून आन अन् गोठ्यात बांध."

पाणी दाखवून परत येतोय तो मोटरचा हॉर्न ऐकू आला. गोठा परसात, आणि इथं गाडीला चावी द्यायची राहिलेली! मी नवाबचा दोर ओसरीच्या खांबाला गुंडाळला. दोन मिनिटांसाठी. आता यातली गोम सांगतो. आठच दिवसांपूर्वी पोळा झाला होता. पोळ्याला याच ओसरीच्या पायरीशी मायनं त्याला ओवाळून, कपाळाला कुंकू लावून, पुरणपोळी चारली होती. आज पुन्हा पुरणाचा वास होता, पुन्हा तीच पायरी होती. शिवाय समोर अर्धं पोतं ढेप मांडून ठेवलेली. त्याचा समज झाला की पोळा अजून चालू आहे, यात त्याची काय चूक?

सासरे आले, मागून कुसुम. सासरे आरास पाहून "वा, जवाई" म्हणाले आणि बाबांबरोबर हातपाय धुऊन आत पानावर जाऊन बसले. कुसुम थांबली. मी चावी दिली. गाडी गव्हातून निघाली, स्टेशनावरून गेली, सातपुड्यात शिरली, बाहेर आली. मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो.

"हे कोनतं गाव हाय?" तिनं विचारलं.

खरं सांगतो, मला रडू आलं. "तुमचंच स्टेशन हाय," मी म्हणालो.

"आमचं?" तिनं वाकून पाहिलं. "आमच्या इकडं रुळाले लागून गहू नाई, वांगे हायत. अन् निंब या बाजूनं हाय, सिग्नलपाशी."

"आत्ता लावतो निंब!" असं म्हणून मी अंगणात धावलो. नुसतं उभं राहून बोललो असतो, दोन गोष्टी विचारल्या असत्या, तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी निंबाची डहाळी मोडत असतानाच ओसरीवरून आवाज आला, "अहो, तुमचा डोंगर!"

वळून पाहतो तो नवाबचे पुढचे दोन पाय ओसरीवर आणि सातपुड्याचा निम्मा भाग त्याच्या तोंडात. उरलेला निम्मा तो जिभेनं ओढत होता. गव्हाची दोन्ही शेतं आधीच साफ झाली होती. स्टेशनाच्या दारात मी खडूचा स्टेशनमास्तर उभा केला होता, तो दिसत नव्हता. (पुढंही कधी दिसला नाही.) एवढ्यात उरलेल्या बोगद्यातून घरघर करत इंजिन निघालं ते थेट नवाबच्या नाकपुडीवर आदळलं. आयुष्यात पहिल्यांदा रेल्वे पाहणाऱ्या त्या प्राण्यानं मान अशी झटकली की गोल रूळ त्याच्या शिंगात अडकले, माझी गाठ सुटली, दार विटांवरून घसरलं आणि तो बिचकून पुढं, म्हणजे घरात शिरला!

मी डहाळी घेऊन मागे. माजघराच्या दारात नवाब थांबला होता. आत महालक्ष्म्या, समोर पानं, पानावर सासरे, त्यांच्या हातात पुरणपोळीचा घास. नवाबच्या उजव्या शिंगावर रुळांचं कडं लोंबत होतं आणि एक डबा अजून त्याला धरून होता. सासऱ्यांनी वर पाहिलं. रुळाकाठी जन्म गेलेला माणूस. त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि शांतपणे विचारलं, "जवाई, हे अप हाय का डाऊन?"

बाबांनी माझ्या हातातल्या डहाळीकडं पाहिलं.

मी वेसणीला हात घालणार तोच कुसुम मला बाजूला सारून पुढं झाली. तिनं वेसण धरली, तोंडानं काहीतरी चुचकारलं आणि त्या धुडाला एखादं वासरू वळवावं तसं वळवून अंगणात नेलं. तिथं तिनं त्याच्या डाव्या कुशीवर बोटं वाजवून पाहिली आणि पदर खोचला.

"ढेप किती होती?"

"सातपुडा," मी म्हणालो.

"सातपुडा म्हन्जे किती पायल्या?"

"अर्धं पोतं."

"बाप्पा! पोट फुगीन आता. पानी दाखवू नका त्याले. मामी, गोडंतेल द्या अन् ओवा द्या. अन् तुमी," हे मला, "तुमी काई करू नका. तिथं बसून राहा."

मी बसून राहिलो. लहानपणापासून ज्याला कुणी बसवू शकलं नव्हतं तो मी, तुळशीपाशी, हातात निंबाची डहाळी घेऊन, बसून राहिलो. ती बांबूच्या नळ्यानं नवाबला तेल पाजत होती, त्याची कुशी चोळत होती, त्याला अंगणात फिरवत होती. आमच्या घरात आल्यापासून तिनं एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बोलत सगळं बैलाशी होती, पण बोलत होती. मधेच त्याच्या शिंगातला डबा काढताना तिला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं, तरी खांदे हलायचे थांबेनात.

ऊन कललं. सासऱ्यांनी टोपी घातली, पिशवी घेतली आणि अंगणात आले. "कुसुम, मोटरची वेळ झाली. येतं का राह्यतं?"

कुसुमनं नवाबच्या कुशीवरचा हात काढला नाही. तिनं एकदा ओसरीवरच्या चिखलाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

"तुमी जा बाबा," ती म्हणाली. "हे मुकं जनावर याईच्या भरोशावर सोडून मी कशी येऊ?"

दुसऱ्या दिवशी नवाब रवंथ करायला लागला. कुसुम दिवाळीला माहेरी गेली आणि चार दिवसांत परत आली, आल्याबरोबर आधी गोठ्यात गेली. पुढं मुलं झाली, नातवंडं झाली. लेकीसुना कधीकधी तिला विचारतात, "आई, नवीन नवीन सासरी तुमचा जीव कोणामुळं लागला?" ती क्षणभरही विचार न करता बैलाचं नाव सांगते. मी शेजारीच बसलेला असतो.