जर्मन घरासमोरची पायरी

आमच्या जपानमधल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय, ‘कोबेचं जर्मन घर अप्रतिम, पण समोरची म्हातारी खडूस.’ हे साफ खोटं आहे. ते मीच खोडून काढायला हवं, कारण त्या दिवशी पाहुण्यांना तिथे मीच नेलं होतं.

टेकडीवरचं ते घर कोणा जर्मन व्यापाऱ्याचं. विटांच्या भिंती, टोकदार मनोरा. मनोरा फोटोत पूर्ण येतो तो फक्त समोरच्या घराच्या पायरीवरून, आणि ती पायरी या बाईंची. रोज सकाळी त्या ती झाडतात, पाणी शिंपडतात, शेजाऱ्याच्या दारापुढचाही थोडा रस्ता झाडून काढतात. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही.

त्या दिवशी आमची माणसं पायरीवर चढून त्यांच्या दाराला टेकली होती. बाई भाजीची पिशवी घेऊन उन्हात उभ्या होत्या. "ओ आजी, जरा बाजूला!" एक जण चक्क मराठीत ओरडला. त्या वाकून बाजूला सरकल्या आणि मला हळूच जपानीत म्हणाल्या, "तुमचं झालं की सांगा हं, मग मी आत जाईन."

स्वतःच्या घरात! आणि मी नुसती मान डोलावली.

काल हे सगळं ग्रुपवर लिहिलं. लगेच उत्तर आलं, "काका, एवढं काय मनावर घेता? फोटो बघा, कसले भारी आलेत!"

बघितले. आलेत खरे. बाईंना मात्र प्रत्येकातून कापून काढलंय.