आबांची पंगत आणि सलीमभाईंचा मिक्सर

आयुष्यातली वीस-बावीस मिनिटं मी सिमेंटचा माल कालवणाऱ्या मिक्सरच्या पोटात काढली आहेत. हौस म्हणून नाही, घराच्या कामापायी. मी प्राथमिक शाळेत गुरुजी होतो आणि आमच्या खात्यात हे एक काम सोडून बाकी सगळी कामं सांगतात. मिक्सरमध्ये मी आपल्या पायांनी गेलो. तिथून धड बाहेर आलो, त्यात मात्र माझा स्वतःचा काडीचाही वाटा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात, पांझरेच्या पलीकडे मी घर बांधायला काढलं होतं. भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि आम्ही त्याच प्लॉटवर एका पत्र्याच्या खोलीत राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको सुमन, आणि स्लॅबचं काम म्हणून साक्रीजवळच्या गावाहून मुद्दाम आलेले माझे वडील, आबा.

आबांबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी पाणी मागितलं की आम्ही तांब्या घेऊन धावायचो. तहान त्यांना लागली आहे की म्हशीला, हे नंतर विचारायचो. सुमन तर लग्न होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्याशी थेट एक वाक्य बोलली नव्हती. सुनेनं सासऱ्यापुढे बोलायचं नाही, ही रीत. आबांनाही काही हवं असलं की ते भिंतीकडे बघून बोलायचे आणि भिंतीला ऐकू गेलं की ती वस्तू पदराआडून त्यांच्यापुढे येऊन पडायची. इतकं सुरळीत चाललेलं घर मी दुसरं पाहिलं नाही.

मिक्सर होता सलीमभाईंचा. सलीमभाई मूळचे नशिराबादचे, पन्नाशीचे, अंगानं आडवे आणि बोलायला कमी. स्वतःचा मिक्सर घेऊन ते दोन जिल्हे फिरत. त्या यंत्राचे त्यांचे नियम होते आणि त्यात सवलत नव्हती. सकाळी ग्रीस भरल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. ड्रम फिरत असताना आत फावडं घालायचं नाही. यंत्राजवळ सैल कपडा नको. काम थांबवायचं तर आधी ड्रम रिकामा करायचा, मग खडी आणि पाणी टाकून फिरवायचा, म्हणजे आतली चिकटलेली सिमेंट खरवडून निघते. इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल तर ते कमरेला खोचूनच फिरत. नमाजाला जातानाही ते बरोबर असे, असं मजूर म्हणायचे.

स्लॅबच्या सकाळी आबांनी यंत्राची पूजा केली. नारळ फोडला, कुंकू लावलं आणि ड्रमला झेंडूची माळ घातली. सलीमभाईंनी हात जोडून ती माळ अलगद काढली आणि बाजूच्या खांबाला बांधली.

"दातेरी चाकात गेली तर ओढून घेईल, आबा. आणि ते उपरणंही काढून ठेवा."

आबांच्या खांद्यावरचं उपरणं काढायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. (आईनंही नाही.) आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. मग त्यांनी उपरणं काढलं, घडी घातली आणि खोलीत जाऊन बसले. तिथून पुढे त्यांची आणि यंत्राची बोलाचाल बंद झाली.

दुपारी बारापर्यंत निम्म्याहून जास्त स्लॅब टाकून झाला. मे महिन्यातलं धुळं. उन्हात ठेवलेलं घमेलं हातात धरवत नव्हतं. स्लॅबच्या दिवशी मजुरांना गोडाधोडाचं जेवण द्यायची पद्धत. सुमननं पहाटेपासून राबून वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि शिरा केला होता. सलीमभाई म्हणाले, "पाळीपाळीनं जेवू. निम्मे बसतील, निम्मे माल टाकतील. यंत्र चालू राहील."

आबा बाहेर आले. उपरणं खांद्यावर होतं.

"बठ्ठा जेवाले बसा. मना घरनी पंगत शे. एक बठस नी दुसरा उभा ऱ्हास, असं आठे चालाव नही."

"आबा, ड्रममध्ये माल आहे," सलीमभाई म्हणाले. "तो वर टाकू, धुऊन घेऊ, मग सगळे बसतो. अर्धा तास द्या."

"पानं वाढेल शेतस. यंत्रले भूक लागस का? माणूसले लागस."

सलीमभाई माझ्याकडे वळले. "गुरुजी, घर तुमचं आहे. तुम्ही सांगा."

घर माझं होतं, हे खरं आहे. एवढंच म्हणायचं होतं की आबा, अर्धा तास. शाळेतल्या पोरांना मी रोज धीटपणावर धडे शिकवत होतो. मी म्हणालो, "आबा म्हणतात तर बसूया. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. जबाबदारी माझी."

सलीमभाईंनी इंजिन बंद केलं. भरलेला ड्रम तसाच थांबला.

आता आमच्याकडची पंगत दहा मिनिटांत उठते, असं समजणारा माणूस आमच्याकडे कधी जेवलेला नसतो. आबा स्वतः तुपाची वाटी घेऊन रांगेतून फिरू लागले. "आखो एक ल्या." मजूर नको म्हणाला की त्याच्या पानात दोन बट्ट्या पडायच्या. सलीमभाई दोनदा उठायला गेले आणि दोनदा आबांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. तिसऱ्यांदा सलीमभाईंना उठताच येईना. सव्वा तासानं पंगत उठली. उठली म्हणजे बसल्या जागी आडवी झाली.

त्यानंतर सलीमभाईंनी इंजिन सुरू केलं. इंजिन लागलं, पण ड्रम जागचा हलला नाही. इंजिनाची ताकद ज्या पट्ट्यानं ड्रमपर्यंत जाते, तो नुसता घसरला आणि जळाल्याचा वास आला. सलीमभाईंनी इंजिन बंद केलं, ड्रममध्ये हात घातला आणि बाहेर काढला. आतला माल बसला होता.

राहिलेला स्लॅब मजुरांनी जमिनीवर हातानं माल कालवून पुरा केला. (जुना माल आणि नवा माल जिथं जुळला तिथं छताला एक रेघ आहे. पावसाळ्यात आम्ही तिच्याखाली बादली ठेवतो.) संध्याकाळी आबा ड्रमपाशी आले. त्यांना वाईट वाटलं होतं, पण ते म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "गूळनं पाणी टाका. सुटी जाई." त्यांनी स्वतः घरातला गूळ बादलीत कालवून आत ओतला. त्यानं सिमेंट सुटली नाही. सकाळपर्यंत मुंग्या मात्र चिक्कार लागल्या.

दुसऱ्या दिवशी मजूर दुसऱ्या कामावर गेले. राहिलो सलीमभाई आणि मी. आत बसून छन्नी-हातोड्यानं फोडून काढणं एवढाच उपाय होता. ड्रमचं तोंड लहान. सलीमभाईंचे खांदे त्यात जाईनात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी प्रकृती लहानपणापासूनच मिक्सरला अनुकूल होती. शिवाय जबाबदारी माझी, हे मी चारचौघांत बोलून बसलो होतो.

आत जाण्याआधी सलीमभाईंनी कमरेचं हँडल काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं.

"गुरुजी, हे नीट ऐका. जो आत जातो, हँडल त्याच्याजवळ. हँडल आत असेल तर बाहेरून इंजिन कोणी सुरू करू शकत नाही. आत पाती आहेत. एक फेरा झाला तरी माणूस राहत नाही. माझा चुलत भाऊ असाच गेला."

मी हँडल छातीशी धरलं.

"कोणीही मागितलं तरी द्यायचं नाही. बोला."

"कोणीही मागितलं तरी द्यायचं नाही," मी म्हणालो. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. पाढा म्हटल्यासारखं मी बिनचूक म्हटलं. मग मी आत शिरलो, हँडल मांडीवर ठेवलं आणि ठोकायला लागलो. थोड्या वेळानं छन्नी बोथट झाली. सलीमभाईंनी मला दुसरी दिली, बोथट झालेली घेतली, इंजिनापाशी काहीतरी खुडबुड केली आणि "लोहाराकडे जाऊन येतो" म्हणून सायकलवर निघून गेले.

पुढे काय झालं ते नीट कळावं म्हणून सांगतो: ड्रमचं तोंड रस्त्याकडे होतं आणि इंजिनाची बाजू आमच्या खोलीकडे. इंजिनावर पत्र्याचं झाकण होतं. हँडल घालायला त्याला एक भोक तेवढं होतं. मी आत आहे हे सलीमभाईंना आणि सुमनला ठाऊक होतं. आबा खोलीत जरा लवंडले होते. उठले तेव्हा सलीमभाईंची सायकल नव्हती आणि मीही दिसत नव्हतो. दोघं मिळून कुठं बाहेर गेले असतील असं त्यांनी धरलं. हात भरून आले म्हणून मी तेवढ्यात ठोकायचं थांबवलं होतं आणि पाठीवरच्या मुंग्या झटकत होतो.

आबांना रात्रभर झोप नव्हती. पोराच्या घराच्या कामात आपल्यामुळे विघ्न आलं, हे त्यांना खात होतं. खडी-पाणी टाकून ड्रम फिरवला की तो साफ होतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. आम्ही परत येण्याआधी ते काम करून ठेवावं असं त्यांच्या मनात आलं. गावी विहिरीवरचं ऑइल इंजिन त्यांनी पंधरा वर्षं चालवलं होतं. अडचण एकच होती. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "यंत्रनं हँडल कोठे शे?"

भिंतीनं ऐकलं. सुमन रस्त्याकडच्या बाजूनं ड्रमच्या तोंडाशी आली.

"अहो, आबा हँडल मागताहेत."

आणि मी ते दिलं.

नियम विसरलो असतो तर एक वेळ समजण्यासारखं होतं. तो मला तोंडपाठ होता. देताना शब्दन्‌शब्द आठवत होता. पण 'कोणीही' यात आबा येतात हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. आबा कशाला मागतात, हे मी विचारलं नाही. सुमननं विचारलं नाही. तिनं हँडल नेऊन आबांपुढे ओट्यावर ठेवलं आणि पदर सावरून ती स्वयंपाकाला लागली. मी आत आहे हे तिनं सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे सासऱ्यापुढे बोलायचं. आमच्यापैकी कोणीही रीत मोडली नाही.

मग झाकणाच्या भोकात हँडल बसल्याचा आवाज मला आला. लोखंडावर लोखंड. तो आवाज कशाचा हे कळायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आबांनी इंजिन सुरूही केलं. पहिल्याच झटक्यात. पंधरा वर्षांचा हात होता.

मी ओरडलो. ड्रममध्ये आवाज इतका कोंडला होता की माझंच ओरडणं मला ऐकू आलं नाही. बाहेर पडायला गेलो तर एक पाय पात्याखाली अडकला. सगळा ड्रम थरथरत होता. त्या वेळी मला देव आठवला नाही, घर आठवलं नाही. चुलीपुढे बसलेली सुमन आठवली. हँडल तिच्या हातून गेलं हे तिला जन्मभर पुरेल, एवढंच मनात आलं आणि मला रडू फुटलं. मी डोळे मिटून पहिल्या फेऱ्याची वाट बघत राहिलो.

फेरा आला नाही.

इंजिन धडधडत होतं आणि ड्रम जागच्या जागी होता. हे का, ते मला कळेना. आबांनाही कळेना. अजून सिमेंटनंच अडून राहिला असेल, पाणी टाकून बघावं, असं म्हणत ते खडी-पाण्याची बादली घेऊन तोंडाकडे आले आणि आत डोकावले.

आबांचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. बादली त्यांच्या हातून निसटली. ते वाळूच्या ढिगावर मटकन बसले. मी पाय सोडवून कसाबसा बाहेर आलो, सिमेंटच्या धुळीनं पांढराफटक, अंगभर मुंग्या. आबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं.

"लागनं का तुले? बापू, लागनं का काही?"

मोठा झाल्यापासून त्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. उपरण्यानं माझं तोंड पुसता पुसता ते स्वतःचेच डोळे पुसत होते. इंजिनाचा आवाज ऐकून सुमन धावत आली, आम्हाला बघून भिंतीला धरून उभी राहिली आणि पहिल्यांदाच सासऱ्यापुढे मोठ्यानं बोलली. काय बोलली ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

तेवढ्यात सलीमभाई आले. त्यांनी आधी इंजिन बंद केलं. मग आम्हा तिघांकडे पाहिलं, भोकातलं हँडल पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. सायकलच्या कॅरिअरला छन्नीबरोबर एक काळा रबरी पट्टा वेटोळं करून बांधला होता. तो सोडून त्यांनी खांद्यावर टाकला. इंजिन आणि ड्रम यांना जोडणारा, झाकणाखालचा पट्टा काढून ते बरोबर घेऊन गेले होते.

"नियम दोन आहेत," ते म्हणाले. "हँडल आत जाणाऱ्याकडे. पट्टा माझ्याकडे."

मी विचारलं, "मग दुसरा नियम मला सांगितला का नाही?"

"सांगितला असता तर तुम्ही म्हणाला असता, पट्टाही माझ्याकडेच द्या. जबाबदारी माझी." त्यांनी आबांकडे एक नजर टाकली. "आणि मग आबांनी पट्टा मागितला असता."

मी मान खाली घातली. उत्तर आबांनी दिलं. अजून त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. ते सलीमभाईंना म्हणाले, "दिधा असता. मना पोऱ्या मना शब्दना बाहेर नही."

आणि कानातून मुंग्या झटकत असताना, खरं सांगतो, मला अभिमान वाटला.