‘लाफिंग स्टॉक’चा अर्थ

लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीतल्या टायपिस्ट बाईंचे उपकार आधी सांगतो. कचेरीच्या भिंतींचा रंग तेव्हा ओलाच होता, म्हणून ऑइलपेंटचा वास आला की त्या आठवतात. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, दुष्काळ होता, अन् नववीत शाळा सोडलेला मी शिपायाच्या मुलाखतीला रांगेत उभा होतो. मागं माझा वर्गमित्र. माझे इंग्रजी कागद नेहमी तोच वाचून द्यायचा, कधी खोटं वाचलं नव्हतं. तो म्हणाला, "साहेबाला सांग, आय ॲम लाफिंग स्टॉक ऑफ माय व्हिलेज. म्हंजे गावात लई मान हाय मला." मी छाती पुढं काढून सांगितलं. साहेब हसले, अख्खी खोली हसली, दारातून तोही हसला. नोकरी त्यालाच लागली. बाई मात्र हसल्या नाहीत. टँकर आला नव्हता, तरी आपल्या बाटलीतलं पाणी मला देऊन त्यांनी डिक्शनरी उघडली. "स्टॉक म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका, बाळा. लोकांनी हसावं म्हणून समोर ठेवलेला माणूस, असा याचा अर्थ. तुला ठाऊक नव्हतं, त्याला होतं." गावात तोंड दाखवायची लाज वाटून मी सुरतेला आलो. अजूनही कुणी इंग्रजीत बोलून हसलं की मी तिथून उठून जातो. पण बाई, एक दिवस कुणालाही न विचारता इंग्रजीत एक अख्खं पत्र लिहीन, अन् लातूरला येऊन तुमच्या हातात देईन.