काढून टाकलेला नोड आणि चौदा नंबरचा आवाज

माझ्या कामात प्रत्येक गोष्टीची नोंद कुठेतरी सापडतेच. मशीन बंद पडलं तर किती वाजता पडलं, का पडलं — लॉग उघडायचा आणि वाचायचा. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आपली तिथून उठून जाणाऱ्यांपैकी. आमच्या घरी तर बाबांनी अंगारे-धुपारे कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. तरी आज लिहितेय... कारण दोन वर्षं झाली, आणि या एका गोष्टीचा लॉग मला अजून सापडलेला नाही.

मी चंद्रपूरला राहते. सिंदेवाहीच्या बाहेर, मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेची दोन खोल्यांची कचेरी होती. जंगलातल्या झाडांना छोटे रेकॉर्डर बांधायचे आणि त्यातले आवाज कोणत्या पक्ष्याचे, कोणत्या प्राण्याचे हे कम्प्युटरने ओळखायचं, असा त्यांचा प्रकल्प. त्यासाठी सहा कम्प्युटर जोडून मी क्लस्टर उभा केला होता, म्हणजे सहा जणांनी मिळून एकच काम करायचं. त्यातल्या प्रत्येकाला नोड म्हणतात. आम्ही त्यांना झाडांची नावं दिली होती — तेंदू, पळस, धावडा, अर्जुन, ऐन आणि बिजा. सहाही जणांवर लक्ष ठेवणारं मुख्य मशीन वेगळं, माझ्या टेबलावर.

देवरावभाऊ तिथले जुने माणूस, पन्नाशी ओलांडलेले. झाडांवर रेकॉर्डर तेच बांधायचे, दर आठवड्याला त्यातली कार्डं काढून तेच आणायचे. जंगलातून आवाज आमच्यापर्यंत यायचा तो फक्त भाऊंच्या खिशातून. दुसरी वाट नव्हती, हे लक्षात ठेवा.

एप्रिलमध्ये प्रकल्प संपला. रेकॉर्डर पंधरा दिवसांपूर्वीच उतरवून दाराशी खोक्यात भरले होते. कम्प्युटर जिवतीकडच्या एका शाळेला जाणार होते, म्हणून क्लस्टरमधून एकेक नोड काढायला मी गेले होते. कमांड सोप्या असतात. आधी 'ड्रेन' — त्या नोडला नवं काम द्यायचं नाही, हातातलं दुसऱ्याकडे सोपवायचं. मग 'डिलीट' — यादीतून नाव काढायचं. शेवटी बटण बंद आणि वायर बाहेर.

दुपारचे बारा वाजून गेले होते. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कूलरचं पाणी झिरपत होतं आणि खिडकीतून मोहाच्या फुलांचा गोड, जड वास येत होता. तेंदू गेला, पळस गेला... एकेक पंखा थांबत गेला तशी खोली जास्त जास्त शांत होत गेली. डोळे मिटत नव्हते, पण आपण पाण्याखाली बसलोय असं काहीसं वाटत होतं. शेवटी बिजाही काढला. भाऊंनी त्याची वायर उपटली आणि हाताभोवती गुंडाळायला लागले.

"झालं का मॅडम?"

"झालंच भाऊ. एकदा यादी बघते."

यादी रिकामी यायला हवी होती. तिच्यात एक नाव होतं. बिजा — रेडी.

तसं हे होऊ शकतं. मशीन चालू राहिलं असेल तर काढलेला नोड स्वतःच परत नाव नोंदवतो. पण बिजाची वायर भाऊंच्या हातात होती... आणि त्या नोडवर एक काम चालू होतं.

मी त्याचा लॉग उघडला. रेकॉर्डर चौदा. तारीख आजची. वेळ अकरा बावन्न. ओळख — माणूस, बाई. खाली परत तेच, बारा सात. परत तेच, बारा एकोणीस. मी वळून दाराजवळच्या खोक्याकडे पाहिलं. चौदा नंबरची पट्टी असलेला रेकॉर्डर अगदी वरच होता.

शेवटची फाइल उघडून हेडफोन लावला. आधी नुसती पानांची सळसळ. मग वाळल्या पाचोळ्यावर फुलं पडल्याचा आवाज... टप... टप... आणि त्याच्या आत कुणी बाई गुणगुणत होती. शब्द नव्हते, नुसती चाल. वर चढायची, थांबायची, हळूच खाली यायची. मला भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू? उलट सावलीत येऊन बसल्यासारखं वाटलं. किती वेळ ऐकत होते कोण जाणे.

"भाऊ, हे ऐका बरं."

त्यांनी हेडफोन लावला. हातातली वायर सुटून खाली पडली.

"हे तं सुमन होय," ते म्हणाले. "माही बायको. तुम्हाले कुठी भेटलं हे?"

"त्या आत्ता कुठे आहेत?"

"सकाळी मोह वेचाले गेली. आली असंन घरी..." बोलता बोलताच त्यांनी शेजारी फोन लावला. ऐकून घेतलं. "नाई आली मॅडम. अजून नाई आली. ज्या मोहाखाली ते वेचते, चौदा नंबर त्याच झाडाले होता. मीच बांधला, मीच काढला."

आम्ही तसेच निघालो. माझ्या गाडीने वीस मिनिटं, मग बैलगाडीच्या वाटेने पायी. भाऊ पुढे, मोठमोठ्याने हाका मारत.

सुमनबाई मोहाच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या. घोट्याजवळ पाय सुजून टम्म झालेला, ओठ पांढरे पडलेले. आम्हाला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि नाल्यापलीकडे दाखवलं. तिथे झुडपं अजून हलत होती.

"अस्वल," त्या कुजबुजल्या. "दोन पिल्लं हायेत. सकाळपासून इथंच फिरून राह्यली."

भाऊंच्या हाकांनी ती दूर गेली होती. आम्ही दोघांनी सुमनबाईंना उचलून आणलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास त्या उन्हात गेले असते तर काही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. यादी रिकामी. लॉग नाही, फाइल नाही, बिजा नावाचं काही नाही. फक्त मी टाईप केलेल्या कमांड एकाखाली एक तशाच — यादी दाखव, लॉग दाखव, चौदा नंबरची फाइल वाजव. म्हणजे मला डुलकी लागली नव्हती. बिजाच्या डिस्कमध्येही शोधलं... शेवटची नोंद आदल्या दिवशी बंद केल्याची.

पंधरा दिवसांनी सुमनबाईंना भेटायला घरी गेले. पायाला प्लास्टर होतं, बाजेवर बसून त्या लसूण सोलत होत्या.

"तुम्ही गुणगुणत होतात म्हणून कळलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "नाई मॅडम. अस्वल समोर असतानी मी काऊन आवाज काढन? तोंड बी नाई उघडलं."

"मग?"

"झोप लागून राह्यली होती. डोळा लागला तं मेली, म्हनून मनातल्या मनात एक गानं म्हणत होती. पोरगी पोटात होती तवा मीच केलं होतं. पोरगी जन्मताच गेली. मंग मी ते कोनाजवळच नाई म्हटलं. ह्याइच्याजवळ बी नाई."

भाऊ दारात चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

मला काय सुचलं कोण जाणे, मी ती चाल गुणगुणायला लागले. वर चढते, थांबते, हळूच खाली येते... जेवढी ऐकली होती तेवढी. सुमनबाईंचे हात थांबले. आणि मी जिथे थांबले तिथून पुढचं त्यांनी म्हटलं — या वेळी शब्दांसकट, त्या घरात पहिल्यांदा.

बंद मशीन यादीत कसं दिसलं, याला उद्या कुणी जाणकार कारण शोधून देईलही. मी मान्य करीन. पण गाणं संपल्यावर डोळे पुसत सुमनबाईंनी विचारलं, "तुम्हाले कसं ऐकू आलं व, बाई?"

त्याचा लॉग मी अजून शोधतेय.