वहिनींना बघायला आलेली बाई

माझ्या वहिनींना सरकारनं ठणठणीत ठरवलं, याचं बहुतेक श्रेय मला जातं.

मंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा आणि त्या बर्मिंगहॅमला राहतात, मी आणि माझी बायको शिल्पा मिल्टन कीन्सला. वहिनी बर्मिंगहॅमच्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होत्या. ऐन चाळिशीत त्यांना संधिवातानं गाठलं. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे, असा तो पद्धतशीर पसरत गेला आणि नोकरी सुटली. (‘सुटली’ हा शब्द माझा. त्या अजूनही ‘सध्या जात नाही’ म्हणतात.) तेव्हापासून त्यांना डीएलए मिळायचा, म्हणजे अपंगत्व असलेल्यांसाठीचा इथला जुना भत्ता. त्यातला चालता न येण्याबद्दलचा जो भाग होता, त्याच्या बदल्यात त्यांनी एक गाडी भाड्यानं घेतली होती. ऑटोमॅटिक, उंच सीटची, हलक्या स्टिअरिंगची. दादाची नजर अधू झाल्यापासून तो गाडी चालवत नाही, त्यामुळे त्याला डोळ्यांच्या क्लिनिकला नेणं, लायब्ररी, गरम पाण्याच्या पूलमधला व्यायाम, मंडळाचे कार्यक्रम, सगळं वहिनी त्या गाडीतून करायच्या. घरात खुर्चीतून उठताना दहा वेळा विचार करणारी ही बाई गाडीत बसली की पुढच्याला हॉर्न द्यायची.

मग सरकारनं डीएलए बंद करून त्याजागी पिप नावाचा नवा भत्ता काढला. जुन्या लोकांना तो आपोआप मिळणार नव्हता. पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. वहिनींची तपासणी करायला एक बाई घरी येणार असं ठरलं आणि दादाचा मला फोन आला.

“तू येशील का रे? तुला असलं सगळं कळतं.”

मी आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मला सगळं कळतं असं आमच्या घरात मानायची पद्धत आहे, आणि ती पाडली मीच.

आदल्या संध्याकाळी मी आणि शिल्पा बर्मिंगहॅमला पोचलो. घराची अवस्था बघून माझा जीव खाली-वर झाला. पुढच्या खोलीत पलंग, कारण वहिनींना जिना चढवत नव्हता. पलंगाशेजारी चालायची फ्रेम. सिंकपाशी उंच स्टूल. बाथरूममध्ये बसायची प्लास्टिकची सीट, टेबलावर औषधांचे डबे. उद्या परकं माणूस येणार आणि हा पसारा! आमच्या ऑफिसात ऑडिटर यायचा असला की आम्ही टेबलाखालच्या वायरीसुद्धा विंचरून ठेवतो. मी बाह्या सरसावल्या.

फ्रेम आणि स्टूल मागच्या शेडमध्ये गेले. सीट बेडशीटमध्ये गुंडाळून माळ्यावर. औषधं कपाटात. पलंगावर पलंगपोस टाकून दोन लोड ठेवले, की झाला दिवाण.

दादा मागे मागे फिरत होता. “अरे, पण त्या बाईला हेच दिसायला नको का?”

“दादा, घर आहे की वॉर्ड? ती काय म्हणेल?”

“ती काय म्हणेल ते म्हणू दे की.”

“उद्या मी बोलतो सगळं. तू फक्त बस.”

शिल्पा म्हणाली, “श्री, हा मुलगी बघायचा कार्यक्रम नाहीये.” मी तिला पोह्यांसाठी कांदे चिरायला सांगितले.

सकाळी शिल्पानं वहिनींना जांभळी साडी नेसवली, अंबाडा घातला. त्याला बराच वेळ लागला, कारण वहिनींचा खांदा वर जात नव्हता आणि मधे मधे थांबावं लागत होतं. ते सगळं आतल्या खोलीत झालं. मी बाहेर उशा नीट करत होतो. मला दिसल्या त्या तयार झालेल्या वहिनी. छान दिसत होत्या.

बाई वेळेवर आली. तरुण, हसतमुख, मांडीवर लॅपटॉप. तिचं चुकलं असं मी एका शब्दानंही म्हणणार नाही. तिनं जे पाहिलं तेच लिहिलं, आणि तिनं काय पाहावं ते मी ठरवलं होतं. पुढचं सगळं इंग्रजीत झालं.

“कशा आहात?” तिनं विचारलं.

“अगदी उत्तम,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही कशा आहात?”

आपल्याकडे दुसरं उत्तर असतं का? ताप अंगात असला तरी पाहुण्यासमोर आपण मजेतच असतो. लॅपटॉपवर टकटक झाली.

“ही साडी नेसायला अवघड असते ना?”

“सवयीचं आहे,” वहिनी म्हणाल्या. टकटक.

“साधं जेवण करता येतं का तुम्हाला? म्हणजे एखादी भाजी वगैरे?”

इथे मला राहवलं नाही. आमच्या घरातल्या अन्नपूर्णेला ही मुलगी भाजी येते का विचारत होती. “साधं जेवण?” मी म्हणालो. “गणपतीला यांच्याकडे वीस माणसं जेवतात. मोदक घरचे असतात, हातानं वळलेले.”

तिनं वहिनींच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. “या हातांनी?”

“मी वर्षानुवर्षं खातोय,” मी म्हणालो.

दादा खोकला. मी त्याला पाणी दिलं. वहिनी काहीतरी बोलायला गेल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या. दिराला परक्यासमोर खोटं कसं पाडायचं, हा त्यांचा पेच मला आज कळतो. त्या दिवशी मला वाटलं, त्या लाजल्या.

मी मग थांबलोच नाही. वहिनींनी मागच्या बागेत लावलेली मेथी दाखवली. मंडळाच्या नाटकात त्यांनी काम केलं होतं ते सांगितलं. (राणीचं. राणी पूर्ण अंकभर सिंहासनावर बसून होती, हे सांगायचं राहिलं.) बाईनं पोहे दोनदा घेतले. सगळं मनासारखं चाललं होतं.

ती उठली, तेव्हा तर कळस झाला. पहिल्यांदा घरी आलेली बाई रिकामी कशी पाठवायची? वहिनी उठल्या. फ्रेम शेडमध्ये होती. त्या भिंतीला हात लावत स्वयंपाकघरातल्या देवापर्यंत गेल्या आणि हळदकुंकू, नारळ, ब्लाउजपीस असं ताट घेऊन परत आल्या. ताट थरथरत होतं. मला वाटलं, उत्साहानं. त्यांनी त्या मुलीला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि वर तिला सोडायला फाटकापर्यंत गेल्या. तिची गाडी वळेपर्यंत हात हलवत उभ्या राहिल्या.

दार लागलं आणि वहिनी भिंतीला टेकून खालीच बसल्या. दादा आणि शिल्पानं त्यांना धरून पलंगावर नेलं.

“भाऊजी, नीट झालं ना सगळं?” त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

“वहिनी, डिस्टिंक्शन,” मी म्हणालो.

पुढचा आठवडाभर त्या पलंगावरून उठल्या नाहीत, हे मला खूप नंतर समजलं. निकाल मात्र लवकर समजला. त्या बाईचं म्हणणं असं, की अर्जदार नीटनेटक्या आहेत, आधाराशिवाय फाटकापर्यंत चालतात आणि दिरांच्या सांगण्यानुसार वीस माणसांचा स्वयंपाक करतात. मुलगी पसंत पडली होती, म्हणून नापास झाली. चालण्याचा भाग बंद, म्हणजे गाडी परत.

गाडी न्यायला माणूस आला त्या दिवशी मी मुद्दाम रजा घेऊन गेलो. वहिनींनी दादाकडून गाडी आतून-बाहेरून पुसून घेतली होती. त्यांनी किल्ली दिली, त्या माणसाला चहा विचारला, आणि तो गेल्यावर रिकाम्या जागेकडे बघत म्हणाल्या, “तेल सांडलेलं दिसतंय तिथे. धुवायला हवं.” मी बादली आणून धुतलं.

“दर शनिवारी मी येतो,” मी सांगितलं. दोन शनिवार आलो. मग ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलं, मग शिल्पाची आई आली, मग मी फोन करायला लागलो. वहिनींचं पूलला जाणं बंद झालं. लायब्ररी बंद झाली. दादा टॅक्सीनं एकटा क्लिनिकला जायला लागला आणि एकदा चुकीच्या दारात उतरून बराच वेळ भलत्याच रांगेत बसून राहिला. फोनवर वहिनी म्हणायच्या, “बरं चाललंय.” त्या वेळी तरी मला उलटं ऐकता यायला हवं होतं.

दादानं एका सल्ला केंद्राच्या मदतीनं अपील केलं. वर्ष उलटून गेल्यावर ट्रिब्युनलपुढे तारीख लागली. एक साधी खोली, टेबलापलीकडे तीन माणसं. वहिनींना फ्रेम घेऊन या असं बजावलं होतं, मला तोंड आवरून या असं.

अध्यक्षबाईंनी वहिनींना विचारलं, “वाईट दिवस असतो तेव्हा काय होतं?”

वहिनी टेबलाकडे बघत हळूहळू सांगायला लागल्या. दादा केस विंचरतो. दादा बाथरूममध्ये हात धरतो. कप दोन्ही हातांनी धरला तरी सुटतो. पाहुणे येऊन गेले की दोन-तीन दिवस उठवत नाही. मी शेजारीच बसून ऐकत होतो. पाहुणे म्हणजे बहुतेक वेळा मीच होतो.

मग अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. “त्या वीस माणसांचा स्वयंपाक करतात, असं तुम्ही सांगितलं होतं. तुम्ही त्यांना करताना पाहिलंय?”

“मी जेवलोय, मॅडम.”

“मी ते विचारलं नाही. त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात कधी गेला होतात का?”

मी आठवून पाहिलं. ताट ठेवायला तरी गेलोच असेन, असं वाटलं. मग आठवलं, ताटही दादाच उचलतो.

“नाही,” मी म्हणालो.

“मग ते मोदक कोण करतं?”

दादानं शाळेतल्यासारखा हात वर केला. “मी करतो. साच्यातून. ही शेजारी बसून सांगते.”

इतकी वर्षं मी ज्या कळ्यांचं कौतुक करत होतो, त्या प्लास्टिकच्या साच्यातल्या होत्या, आणि पाडणाऱ्याला त्या नीट दिसतही नव्हत्या.

आम्हाला बाहेर बसवलं आणि थोड्या वेळानं परत बोलावलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, की दिरांचं विधान आम्ही बाजूला ठेवलं आहे, कारण त्यांना या घराबद्दल काही माहिती असल्याचं दिसत नाही. शिल्पा माझ्या कानात म्हणाली, “हे मी फुकट सांगत होते.”

अपील मान्य झालं. पुढे नवी गाडीही आली. पण त्या वर्षात वहिनींची मनगटं पार आखडली होती. आता त्या जेमतेम व्यायामाच्या पूलपर्यंत गाडी चालवतात, मोठ्या रस्त्यावर घेत नाहीत. दादा अजून टॅक्सीनंच जातो. ते वर्ष कुणी परत दिलं नाही आणि ते मागायला जायचं ऑफिसही नाही.

अपील मान्य झालं त्या दिवशी खोलीतून बाहेर पडल्यावर मी कॉरिडॉरमध्ये वहिनींसमोर उभा राहिलो. माफी मागायची होती. वाक्य जुळवलं होतं, घसाही साफ केला. वहिनींनी फ्रेमवर भार टाकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “भाऊजी, सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही. भूक लागली असेल ना?”

वाईट याचंच वाटतं, की लागली होती.