सोनगीरच्या गोदामातला तिसरा

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा मी धुळ्याला गुन्हे शाखेत होतो. महामार्गावर ट्रकच्या बॉड्या बांधणारे एक वयस्कर चाचा चोरीच्या ट्रकांच्या खटल्यात आमचे मुख्य साक्षीदार होते. साक्षीच्या आदल्या दिवशीच टोळीने त्यांना पळवलं. साखरेचा आजार, आणि इन्सुलिन घरीच राहिलेलं. त्यांची मुलगी ठाण्यातल्या बाकावर बसून होती. रडत नव्हती, नुसती आमच्याकडे बघत होती. ते बघणं फार जड जातं हो!

खबऱ्याने सोनगीरजवळचं एक गोदाम सांगितलं. टोळीचा ड्रायव्हर आमच्या ताब्यात होता. मी खडसावलं, "म्हातारा कुठंय?"

"माले काय माहीत, साहेब? तठे आमना दोन जण शेतस. बाकी बठ्ठं रिकामं शे."

तिथे आमची दोनच माणसं, बाकी सगळं रिकामं, हेच तो अहिराणीत घोकत राहिला. दम दिला, चहा पाजला, पठ्ठ्या बधेना.

भलत्याच जागी दार फोडलं असतं, तर टोळीने चाचांना संपवलंच असतं. म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका प्राध्यापिका बाईंना सोबत घेतलं. आमच्या दोघा शिपायांनी लाइनमन बनून गोदामाच्या दोन बाजूंना बाईंचे वायफायचे डबे लावले. मधली माणसं हलली की लहरी बदलतात, त्यावरून आत किती जण आहेत याचा अंदाज येतो. लॅपटॉपवर आकडा आला, दोन.

म्हणजे ड्रायव्हर खरं बोलला? पथक परतायच्या बेतात होतं. मी बाईंना विचारलं, "बांधून टाकलेला माणूस यात दिसतो का?"

"हललाच नाही, तर कठीण आहे, सर."

मी ठाण्यात फोन लावून मुलीशी बोललो. ती ताडकन म्हणाली, "अब्बा नमाज सोडत नाहीत, साहेब. हातपाय बांधले तरी बसल्या जागी झुकतील."

मग मी हटून बसलो. वरिष्ठांचे फोन आले, तरी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजेच्या, अजानपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. गावातून अजान ऐकू आली, संपली. थोड्या वेळाने पडद्यावर दोनाचे तीन झाले. पुन्हा दोन, पुन्हा तीन. कुणीतरी झुकत होतं, थांबत होतं.

"घुसा!" मी ओरडलो.

चाचा आतच होते. शुद्धीवर होते. पुढे कोर्टात त्यांनी ठणठणीत साक्ष दिली.

यंत्र माणसं मोजतं. पण तो माणूस कसा आहे, हे त्याच्या घरच्यांना विचारावं लागतं, आणि वेळेत विचारावं लागतं. हे मी त्या दिवशी शिकलो.

दोर कापला तेव्हा चाचांचे ओठ सुकून गेले होते, तरी त्यांनी पाणी मागितलं नाही. म्हणाले, "साहब, पाणी नव्हतं, नमाजेआधी हातपाय-तोंड धुऊन वजू करता आला नाही. माझी नमाज झाली असेल का?"

मी म्हणालो, "चाचा, झाली म्हणून तर आम्ही आत आलो."