मोठ्या सरांचं डोकं

कॉलेजात तिला सगळे पेन्सिल म्हणायचे. एक तर अंगाने काडी, आणि दुसरं म्हणजे केसांच्या गाठीत कायम एक पेन्सिल खोचलेली. दिसायला गरीब गाय, पण एकदा मनात धरलं की सोडायची नाही.

मोठ्या सरांना तिने मनात धरलं ते पहिल्याच वर्षी. मोठे सर म्हणजे शिल्पकला विभागाचे प्रमुख. घरून एक चेहरा मातीत घडवून आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. पेन्सिलने आईचा केला. आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. बावीस वर्षं सुईकडे बघून बघून तिचा एक डोळा बारीक झाला होता, भुवई खाली उतरली होती. अकरा रविवार ती माउली स्टुलावर हलली नाही. "नाक खाजवू का गं?" एवढंच अधूनमधून विचारायची.

सरांनी ओलं फडकं काढलं, मान तिरकी केली.

"डोळे एका रेषेत नाहीत."

"सर, आईचे डोळे तसेच आहेत."

"मग दुसरी आई आणायची होतीस!"

वर्ग खो खो हसला. सरांनी अंगठा त्या बारीक डोळ्यात रुतवला, गर्रकन फिरवला आणि हात पुसत म्हणाले, "माती पिंपात टाक. दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल."

अंगठा फिरत असताना सरांच्या ओठाचा डावा कोपरा जरासा वर गेला होता. मुलांना ते काही दिसलं नाही, सगळी मुलं मातीकडे बघत होती. पेन्सिलला दिसलं.

घरी आईने विचारलं, "सरांना आवडलं का?" तर ती म्हणाली, "वाटेत पडलं गं, फुटलं."

त्या दिवसापासून तिने सरांना कागदावर घेतलं. बाकीची मुलं प्रेरणा शोधायला तळ्याकाठी जाऊन बसायची, झाडाखाली उसासे टाकायची. पेन्सिलची प्रेरणा रोज सकाळी दहाला किल्ल्यांचा जुडगा वाजवत वर्गात यायची. सर शिकवताना, शिंकताना, कुणाची तरी फजिती करताना, सगळे तिच्या वहीत उतरले. चार वर्षांत सोळा वह्या भरल्या. हात असा काही तयार झाला की मॅडम, म्हणजे रेखाटन शिकवणाऱ्या तरुण बाई, एकदा म्हणाल्या, "कसला ध्यास घेतलायस गं?" ती नुसती हसली.

शेवटच्या वर्षी सर निवृत्त व्हायचे होते. त्यांचा अर्धपुतळा जिन्याच्या तोंडाशी बसवायचा आणि तो विद्यार्थ्यानेच घडवायचा, असं ठरलं. दोघांचे नमुने सरांनी नापास केले. मग मॅडमनी पेन्सिलचं नाव सुचवलं.

सर तिच्यासमोर नऊ वेळा बसले. "केस जरा दाट दाखव," म्हणाले. तिने दाखवले. "हनुवटीखालचं लोंबतंय ते काढ." काढलं. "आणि हा डोळा थोडा बारीक वाटतो का?"

तिच्या हातातली कोरणी क्षणभर थांबली.

"सरळ करते की, सर."

जे जे मागितलं ते सगळं दिलं तिने. फक्त शेवटच्या दिवशी, सर गेल्यावर, ओठाचा डावा कोपरा उचलला. तांदळाच्या दाण्याएवढा. मग लगेच साचा घेतला, प्लास्टर ओतलं, आणि समारंभापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

समारंभाला फडकं बाजूला सरलं आणि टाळ्या सुरू होता होताच विरल्या. दाट केसांचा, रुबाबदार माणूस दगडी चौथऱ्यावरून खाली बघत होता आणि समोरच्याच्या फजितीची चव घेत होता. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. या जिन्यावर चढउतार केलेल्या प्रत्येकाला आपापला दिवस आठवला असावा. सरांच्या पत्नी पुढे झाल्या, चष्मा लावून नीट बघितलं, आणि अगदी साधेपणाने म्हणाल्या, "हो, घरी असेच दिसतात."

पेन्सिलच्या अंगावर काटा आला. आनंदाचा.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती जिन्याशी आली, तर सर पुतळ्यासमोर एकटेच उभे. हातात कानस.

"घासा, सर," ती म्हणाली. "पण प्लास्टर ठिसूळ आहे. ओठ उडाला तर लोक विचारतील, कुणी उडवला."

सरांचा हात खाली आला. "तुझं मी काय घोडं मारलं होतं?"

तिला वाटलं होतं, त्यांना माहीत असेल. चार वर्षं ती हेच धरून चालली होती. "माझ्या आईचा डोळा," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी. अंगठ्याने."

सर आठवायचा प्रयत्न करत राहिले. खरंच करत होते, तेच तिला सहन होईना.

"अगं, अशी शेकडो डोकी मोडली मी. शिकवताना मोडावी लागतात. एकेक कुठली लक्षात राहणार?"

"म्हणूनच परवा सगळ्यांनी ओळखलं तुम्हाला."

सर कानस चौथऱ्यावर ठेवून मागच्या जिन्याने निघून गेले. निवृत्तीपर्यंतचे उरलेले सगळे दिवस ते त्याच जिन्याने येत-जात राहिले, आणि त्यासाठी त्यांना अख्ख्या इमारतीला वळसा पडायचा. पेन्सिल रोज सकाळी दहाला वरच्या खिडकीत उभी राहून तो वळसा बघायची. एकही दिवस चुकवला नाही.